लॅपटॉप मेला की चार्जर? काल लाईट वाढून आली, सकाळपासून चालूच होईना (तातडीचं)

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, सकाळी ८:०५

राम राम मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठाला आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सगळं करतो. ३१ तारखेला विम्याची मुदत. टेबलावर बावीस जणांचे कागद पडलेत अन् लॅपटॉप मुडदा होऊन बसलाय.

झालं असं की काल सातच्या सुमाराला वारं सुटलं. दोनदा लाईट गेली-आली. तिसऱ्यांदा आली ती अशी आली की बल्ब पांढराफेक पडला अन् पंखा छत सोडून जातो की काय असा फिरायला लागला. आईनं पळत जाऊन मेन खटका खाली केला. तोवर शेजारच्या काकांचा टीव्ही गेला, पलीकडच्या घरात फ्रीज गेला. लॅपटॉप चार्जिंगला लावलेलाच होता. त्यानंतर रात्री तासभर बॅटरीवर चालला, मग बंद पडला. दहाच्या पुढं वायरमननं डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काहीतरी केलं, तवापासून लाईट बरी आहे. पण लॅपटॉपचं बटन सकाळपासून दाबायलो, काहीच होईना. लाईट नाही, आवाज नाही, पंखा नाही.

चार्जर चांगला आहे, त्याच्यावरची हिरवी लाईट लागते. तालुक्याला एकाला फोन केला तर तो न बघताच म्हणला, मदरबोर्ड गेला, साडेसात हजार होतील. लॅपटॉप चार वर्षांचा, गोल पिनीचा चार्जर, ६५ वॅट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्याच्यातच जाईल.

बालाघाटी · २७ जुलै, सकाळी ८:२०

फोनवरून मदरबोर्ड दिसणाऱ्या माणसाला म्हणावं ज्योतिषाचं दुकान टाक. आमच्या बीडात लई चालेल.

आयटीतली नांदेडकर · २७ जुलै, सकाळी ८:४१

दादा, घाबरू नका, आधी फुकटातला उपाय करा. चार्जर काढा. माऊस, पेनड्राईव्ह, अंगठ्याचं मशीन, जे काही जोडलंय ते सगळं काढा. मग पॉवरचं बटण सलग तीस-चाळीस सेकंद दाबून धरा. सोडा, चार्जर लावा, परत नेहमीसारखं दाबा.

मदरबोर्डवर एक छोटा कंट्रोलर असतो, बटण, चार्जिंग, पंखा हे सगळं तो सांभाळतो. विजेच्या झटक्यानंतर तो कधी कधी अडकून बसतो आणि बटणाला दादच देत नाही. उरलीसुरली वीज उतरली की भानावर येतो. काही लॅपटॉपना खाली टाचणीएवढं भोक असतं, आत बारीक बटण असतं, तेही याच कामाचं.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, सकाळी ८:५८

केलं ताई. चाळीस सेकंद धरलं, दोनदा. खालून भोक पण शोधलं, आमच्यात नाही. फरक नाही.

तुळजापूर रोड · २७ जुलै, सकाळी ९:०३

रॅम काढून खोडरबरानं घासून परत बसवा. माझा त्यानंच चालू झाला.

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, सकाळी ९:३०

रॅमला हात लावू नका. रॅमचा प्रॉब्लेम असेल तर लाईट लागते, पंखा फिरतो, पडदा काळा राहतो. इथं लाईटच नाही. तुळजापूरवाल्या भाऊंचा तो वेगळा आजार होता.

पोऱ्या भाऊ, चार्जर टेबलावर घ्या. भिंतीवरच्या बोर्डात लावा, पण पिन लॅपटॉपमध्ये घालू नका. हिरवी लाईट लागली? आता लाईटवरची नजर न काढता पिन लॅपटॉपमध्ये घाला. काय झालं ते लिहा.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, सकाळी ९:३८

अय्यो. पिन घातली की चार्जरची लाईट विझायली! काढली की दोन-तीन सेकंदांनी परत लागायली. हे मी बघितलंच नव्हतं, चार्जर कायम टेबलाखाली पायापाशी असतो.

बालाघाटी · २७ जुलै, सकाळी ९:४०

म्हणजे ज्योतिषी बरोबर निघाला का काय?

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, सकाळी ९:५५

निघूही शकतो. पिन घातल्यावर लाईट विझण्याची दोनच कारणं. एक, मदरबोर्डवर शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडतोय. दोन, चार्जरच आतून खिळखिळा झालाय. मोकळा असताना लाईट दाखवतो, ओझं टाकलं की बसतो. काउंटरवरचे लोक पहिलंच कारण सांगतात, कारण पैसे त्यात आहेत. मी पण काउंटरवरच बसतो, म्हणून सांगतो.

पण पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही एक ओळ लिहून गेलात, “त्यानंतर रात्री तासभर बॅटरीवर चालला.” लाईट वाढली तेव्हा बोर्ड मेला असता तर पुढचा तासभर चाललाच नसता. बॅटरी संपली म्हणून तो बंद पडला, कारण चार्जर तेव्हाच गेला होता. माझा पैसा चार्जरवर. शंभर टक्के नाही म्हणत, ऐंशी म्हणतो.

अजून एक करा. पिन लॅपटॉपमध्ये ठेवून चार्जरला कान लावा.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, सकाळी १०:०४

पंखा बंद केला, आईला गप राहा म्हणलं, अन् ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकल्यावानी कानाला धरला. टिक... टिक... टिक. सेकंदाला एक. घड्याळ हाय म्हणा की. पिन काढली की आवाज बंद.

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, सकाळी १०:१०

टिकटिक म्हणजे तो उठायचा प्रयत्न करतो, ओझं जाणवतं, बसतो, परत उठतो. मदरबोर्ड शॉर्ट असला तरी असंच वाजतं, म्हणून नुसत्या टिकटिकीवरून निकाल देत नाही. आता दुसरा चांगला चार्जर लावून बघणं एवढंच राहिलं. त्याच कंपनीचा, तीच पिन.

लातूरकर मास्तर · २७ जुलै, सकाळी १०:४५

चिपलेव्हल यांचं निदान पटतंय. पण दुसऱ्याचा चार्जर आणून लावण्याआधी दोन शब्द. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळं लांबण लागेल, माफी असावी.

काल तुमच्याकडं लाईट “वाढली” असं आपण म्हणतो, पण वाढवली कोणी? डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट असतात, एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २४०. घरात येतात त्या एक फेज आणि न्यूट्रल. आता वाऱ्यानं न्यूट्रलचा सांधा सुटला तर? तुमच्या घरातून निघालेल्या विजेला परतीची वाट उरत नाही. मग ती दुसऱ्या फेजवरच्या घरांमधून वाट काढते. म्हणजे तुमची आळी आणि दुसरी आळी एकामागं एक जोडल्या जातात आणि ४१५ व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी मात्र उलटी. ज्या आळीला मोटारी, शेगड्या, फ्रीज चालू, तिथं व्होल्टेज कमी. ज्या आळीला चार बल्ब आणि एक लॅपटॉप, तिथं तीनशे-साडेतीनशे. गरीब घरात टीव्ही जळतो तो असा.

माझा अंदाज खरा असेल तर त्याच वेळी गावात दुसरीकडं बल्ब मिणमिणते झाले असणार. चौकशी करून सांगा.

आणि मुद्दा हा, की वायरमननं रात्री अंधारात काय बांधलं ते आपल्याला ठाऊक नाही. सांधा परत सुटला तर मागून आणलेला चार्जरही जाईल. आधी भिंतीवरच्या बोर्डातलं व्होल्टेज मोजून घ्या, मगच दुसऱ्याची वस्तू लावा.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, दुपारी १२:२०

मास्तर, पाया पडतो. खालच्या आळीला पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला म्हणला, काल त्याच टायमाला बल्ब कंदिलावानी झाले अन् गिरणी गुरगुरून थांबली. तुम्ही लातूरात बसून आमच्या गावातली लाईट सांगितली की!

व्होल्टेज मोजायला मोटारी भरणाऱ्या (जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणाऱ्या) मामाला बोलावलं. पाण्यातल्या मोटारी भरून भरून बोटं तांब्यासारखी झालेला माणूस. बोर्डात २२८ भरले. संध्याकाळी गिरणी, मोटारी सगळं चालू असताना परत मोजू म्हणला.

मामानं चार्जर पण मोजला. १९.४ आले. मामा म्हणतो, चार्जर ठणठणीत आहे, लॅपटॉपच गेला. आता कुणाचं खरं धरू?

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, दुपारी १२:५०

मामाचा आकडा खरा, निकाल चुकीचा. मीटर काही ओझं टाकत नाही. रिकामी बैलगाडी तुटक्या जूनंही चालते. माल भरल्यावर बघा.

आणि मोजताना जपा, हे सगळ्यांसाठी. मीटर डीसी २०० वर ठेवायचं. २० वर ठेवलं तर २० व्होल्टच्या चार्जरला नुसता १ दाखवतो आणि लोक म्हणतात चार्जर १ व्होल्ट देतोय. लाल काडी नळीच्या आतल्या भिंतीला, काळी बाहेरून. मधोमध जी सुईसारखी पिन आहे तिला काडी लागू द्यायची नाही. ती विजेची पिन नाही, ओळखीची आहे. तिच्यावर १९ व्होल्ट गेले तर चांगला चार्जरही अनोळखी होतो.

बालाघाटी · २७ जुलै, दुपारी १:०२

ओझं टाकायचं तर मोटारसायकलचे इंडिकेटरचे दोन बल्ब एकामागं एक जोडा. १२ अन् १२ चोवीस, एकोणीसवर आरामात पेटतील. आम्ही शेतातल्या सोलरची प्लेट अशीच तपासतो. टिंगल करतो म्हणून काही येत नाही असं समजू नका.

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, दुपारी १:१५

चांगली युक्ती आहे. फक्त हेडलाईटचे बल्ब नको, इंडिकेटरचेच, १० वॅटचे. बल्बची तार गार असताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. मोठा बल्ब असला तर चांगला चार्जरही एकदा झटका खाऊन बसेल आणि तुम्ही त्याला उगीच मेला म्हणाल. एकदा बसून उठला आणि बल्ब पेटता राहिला, तर पास. उठबस करतच राहिला, तर नापास.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, दुपारी २:४०

मामाच्या दुकानात जुने बल्ब होतेच. जोडले. लुक... लुक... लुक. काजव्यावानी पेटून विझायलेत, पक्के पेटतच नाहीत. मीटर लावूनच ठेवलं होतं तर आकडा नाचायला लागला, १९ वरून खाली चारपर्यंत अन् परत वर. मामा बघतच राहिला. मग म्हणला, “म्हणजे माझ्याकडं आलेले दोन-चार चार्जर मी उगंच चांगले म्हणून परत पाठवले.”

लातूरकर मास्तर · २७ जुलै, दुपारी ३:०५

चूक कबूल करणारा कारागीर गावात आहे, जपा त्यांना.

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, दुपारी ३:१०

आता ऐंशीचे पंच्याण्णव करतो. बहुतेक आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, गेलाय. चार्जरवर लिहिलेलं असतं, १०० ते २४० व्होल्ट. आत आलेली वीज आधी डीसी होते आणि शिखराला पोचते, म्हणजे २४० गुणिले १.४१४, साधारण ३४० व्होल्ट. त्या हिशोबानं बऱ्याच चार्जरमध्ये ४०० व्होल्टचा कपॅसिटर घालतात. मास्तरांच्या साडेतीनशेला तेच गणित लावा, ४९५ होतात. चारशेचं भांडं, त्यात पाचशे ओतले. फ्यूज उडाला असता तर लाईटच लागली नसती. तुमचा अर्धवट मेलाय, म्हणून एवढा घोळ.

उघडायचा असेल तर आज नको. बोर्डातून काढून एक-दोन दिवस पडू द्या. तो कपॅसिटर वीज धरून बसतो.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, संध्याकाळी ७:३०

गावात त्याच कंपनीचा लॅपटॉप एकाच माणसाकडं, झेडपी शाळेच्या मॅडमकडं. त्यांनी चार्जर दिला, पण त्याच्यावर ४५ वॅट लिहिलंय. पिन बसते. व्होल्ट तेच, १९.५. लावू का? मॅडमची वस्तू आहे, काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मामानं आत्ता सातला बोर्ड मोजला, २१६ आहेत.

आयटीतली नांदेडकर · २७ जुलै, संध्याकाळी ७:३६

लावा दादा. व्होल्ट सारखे हवेत. वॅट जास्त असले तर काहीच बिघडत नाही, लॅपटॉप हवे तेवढेच ओढतो. कमी असले तर चार्जिंग हळू होईल, नाहीतर बंद असतानाच होईल, कदाचित सुरू करताना कुरकुर दाखवेल. चार्जर थोडा तापेल, त्याला गादीवर ठेवू नका.

लगेच बटण दाबू नका. बॅटरी पार तळाला गेली असेल तर पहिली काही मिनिटं ती थेंब थेंबच घेते. अर्धा तास नुसतं राहू द्या.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, संध्याकाळी ७:४९

लावला. चार्जरची लाईट विझली नाही!! लॅपटॉपच्या कडेला बारीक पिवळी लागली. आईनं देवापुढं साखर ठेवली, मी अजून बटनाला हात लावला नाही.

गोदाकाठचा पोऱ्या · २७ जुलै, रात्री ८:२४

चालू झाला. सुरू होताना इंग्रजीत काहीतरी सूचना आली, कमी वॅटचा चार्जर आहे म्हणून. एंटर दाबलं, पुढं गेला. सगळ्या फायली जागेवर.

आता बसतो फॉर्म भरायला. सातबारा, आठ-अ, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं गोळा होऊनच पडलंय. पहिलं एक रुपयात व्हायचं तवा लोक शेवटच्या दिवशी यायचे, आता खरिपाला दोन टक्के भरायचे तर शेवटच्या तासाला येतील.

बालाघाटी · २७ जुलै, रात्री ८:३०

साडेसात हजारातला माझा वाटा पाठवा. पेढे नको, बीडला काय कमी आहे.

आयटीतली नांदेडकर · २७ जुलै, रात्री ९:१५

बरं झालं. आता निवांत झालात म्हणून माझ्याच घरचा किस्सा. माझ्या मावशीचा लॅपटॉप साठ टक्क्यांच्या पुढं चार्जच होत नव्हता. नांदेडात एका दुकानात दाखवला, नवी बॅटरी घातली, साडेतीन हजार घेतले. नवी बॅटरीही साठलाच थांबली! मी दिवाळीला गेले तेव्हा बघितलं, तर बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून साठ टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती कुणीतरी चालू करून ठेवलेली. कुणीतरी म्हणजे मीच, मागच्या दिवाळीला. मावशीला अजून सांगितलेलं नाही, इथं ती नाही म्हणून लिहितेय.

आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून “चार्जिंग होत नाही” म्हणणाऱ्यांनी बॅटरीला हात लावून बघा. पेशी साधारण ४५ अंशांच्या वर गेल्या की आतली यंत्रणाच चार्जिंग थांबवते. आपल्याकडं बाहेरच ४२-४३ असतं, वर पत्रा, खाली उशी. तिनं घ्यावं तरी कसं? संध्याकाळी गार झाल्यावर आपोआप सुरू होतं. दुकानदाराकडं न्यायची गरजच नसते, पण दुपारी नेलं की त्याच्या एसीत चालू होतं आणि तो दोनशे रुपये घेतो.

चिपलेव्हल पैठणगेट · २७ जुलै, रात्री ९:२०

दोनशे नाही ताई, तीनशे. एसीचं बिल असतं.

तुळजापूर रोड · २७ जुलै, रात्री ९:४४

थोडं विषय सोडून विचारतो. चार्जिंगला लावलं की माझ्या लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. हे धोक्याचं आहे का?

लातूरकर मास्तर · २७ जुलै, रात्री १०:०२

अर्थिंग बघा. चार्जरमधून अगदी थोडी वीज बाहेरच्या पत्र्यावर येत असते, तीन पिनी चार्जरला ती अर्थिंगमधून उतरते. घरात अर्थिंग नावाला असेल किंवा जाड पिन तोडून दोन पिनीच्या बोर्डात घातली असेल तर ती तुमच्या बोटातून उतरते. मुंग्यांवर भागतं आहे तोवर ठीक, पण घरात त्याच बोर्डावर गिझर असेल तर उद्याच इलेक्ट्रिशियन बोलवा. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी ओतायचं असतं हे निम्म्या लोकांना ठाऊक नाही.

गोदाकाठचा पोऱ्या · ३० जुलै, दुपारी १:३०

परत आलो, माफ करा. नवा घोळ.

मॅडमचा चार्जर किती दिवस ठेवणार, म्हणून काल परभणीला गेलो. स्टेशनजवळ एका दुकानात ६५ वॅटचा घेतला, साडेचारशेला. “ओरिजिनलसारखाच” म्हणला. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. घरी लावला तर लॅपटॉप चालतो, चार्जरची लाईट पण विझत नाही, पण बॅटरी २३ टक्क्यांवर अडकलीय, वर सरकंना. अन् लॅपटॉप असला हळू झालाय की एक पान उघडायला चहा होऊन जायला. काल रात्री सात फॉर्मच झाले. झटक्यात अजून काही जळालं होतं का काय?

चिपलेव्हल पैठणगेट · ३० जुलै, दुपारी १:४२

सुरू होताना काही सूचना आली होती का?

गोदाकाठचा पोऱ्या · ३० जुलै, दुपारी १:४५

आली होती बहुतेक. मॅडमच्या चार्जरला पण येत होती म्हणून न वाचता एंटर मारला.

चिपलेव्हल पैठणगेट · ३० जुलै, दुपारी २:००

ती सूचना वेगळी होती. पहिली म्हणत होती, चार्जर लहान आहे. ही म्हणते, चार्जर ओळखीचाच नाही.

त्या दिवशी सांगितली ना मधली सुई, ओळखीची? खऱ्या चार्जरमध्ये एक बारीक चिप असते. त्या सुईवरून ती लॅपटॉपला सांगते, मी अमुक वॅटचा. लॅपटॉपला उत्तर मिळालं नाही तर तो म्हणतो, हा किती ओझं पेलेल मला माहीत नाही. मग बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही आवळतो. डुप्लिकेटमध्ये चिप नसते, सुई नुसती शोभेला.

सुई कधी कधी वाकते, किंवा लॅपटॉपमधलं सॉकेट ढिलं होतं. तेव्हाही हेच दिसतं. पण तुमच्याकडं तपासणी हाताशी आहे. मॅडमचा लावा. त्यानं टक्के वाढले तर सॉकेट चांगलं, बोर्ड चांगला, साडेचारशे वाया.

गोदाकाठचा पोऱ्या · ३० जुलै, दुपारी २:२५

वाढले. २३ चे २६ झाले, वेग पण परत आला. साडेचारशे वाया.

बालाघाटी · ३० जुलै, दुपारी २:३१

वाया कशाला, मामाला द्या. इंडिकेटरचे बल्ब पेटवायला चांगलाय.

आयटीतली नांदेडकर · ३० जुलै, दुपारी ३:१०

जुन्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात पार्ट नंबर असतो, त्याचा फोटो काढून तोच मागा. व्होल्ट, अँपिअर जुळले म्हणून भागत नाही. भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर असतो, तोही बघा. नकलीवर तोही छापतात म्हणा, पण काही जण छापायचा कंटाळा करतात, तेवढे तरी सापडतात. वजनही हातात धरून बघा, नकली हलका लागतो.

ज्यांच्याकडं टाइप-सीचा लॅपटॉप आहे त्यांना सुईचा त्रास नाही, पण तिथंही बोलणं होतंच. लॅपटॉप आणि चार्जर आपसात ठरवतात किती व्होल्ट द्यायचे, ५, ९, १५ की २०. मोबाईलचे बरेच चार्जर २० पर्यंत जातच नाहीत. मग लोक म्हणतात लाईट लागते पण चार्ज होत नाही.

गोदाकाठचा पोऱ्या · ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

शेवटचं सांगायला आलो.

मॅडमच्या चार्जरवर ३१ च्या रात्री साडेअकरापर्यंत सगळे फॉर्म भरले. बावीसचे एकतीस झाले होते. मॅडमनी चार दिवस स्वतःचा लॅपटॉप उघडला नाही. त्यांच्या घरी आईनं धपाटे अन् ठेच्याचा डबा नेऊन दिला.

चार्जर संभाजीनगरला पार्ट नंबर दाखवून घेतला, एका मित्रानं तपोवन एक्स्प्रेसनं येताना परभणीपर्यंत आणला. लाईट विझत नाही, टिकटिक नाही, सूचना नाही, शंभर टक्के चार्ज. साडेसात हजारवाल्याला फोन केला नाही, करावा वाटला पण.

आज जुना चार्जर मामाच्या दुकानात उघडला. मामानं पान्यात धरून दाबला तवा कड्‌कन फुटला. आत करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठा काळा डबा, वर लिहिलेलं ४०० व्होल्ट, ८२ मायक्रोफॅरड. त्याचं डोकं सपाट असतं म्हणे, आमच्याचं पुरीवानी टम्म फुगलेलं, कडेनं तपकिरी चिकट पाझरलेलं. वास असा की मामाचं मांजर आलं. मामानं तो डबा खिडकीत ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला.

मास्तर, डीपीवर न्यूट्रलची नवी लग (तारेच्या टोकाची पकड) बसवली, १९१२ वर तक्रार टाकल्यावर दोन दिवसांनी माणसं आली होती. मामानं माझ्या बोर्डाआधी व्होल्टेजचा रिले बसवून दिलाय, २६५ च्या वर अन् १७० च्या खाली आपोआप तोडतो. काल रात्री दोनदा तुटला. गावाला लाईट होती, मला नव्हती, आई म्हणली हे काय नवीन.

लातूरकर मास्तर · ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

वर गेल्यानं तुटला की खाली गेल्यानं, ते बघितलंत का? रिलेवर आकडा येतो. १७० च्या खाली जात असेल तर गिरणी आणि मोटारी एकाच वेळी चालू होतात का ते बघा. वर जात असेल तर ती लग परत बघायला लावा, आणि तोवर मॅडमनाही सांगा.

गोदाकाठचा पोऱ्या · ३ ऑगस्ट, रात्री १०:३१

खाली. १६४ अन् १६६. लिहून ठेवलंय.

लातूरकर मास्तर · ३ ऑगस्ट, रात्री १०:३३

मग झोपा निवांत.

हिंगोलीची हळद · ५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

माझा पण लॅपटॉप चालू होत नाही, प्लीज कुणीतरी मदत करा. चार्जर चांगला आहे, लाईट लागते.

बालाघाटी · ५ ऑगस्ट, सकाळी ७:१७

पिन लॅपटॉपमध्ये घाला अन् चार्जर कानाला लावा. पंखा बंद करून.